साइट थांबते तरी कुठे?

ज्या गोष्टींचा उलगडा होतो त्या माणूस विसरून जातो. ज्यांचा होत नाही त्यांचे किस्से होतात. आमच्या शहापूरच्या ऑफिसात एका पावसाळ्याआधी इतका गोंधळ झाला, की किस्से ठेवायला जागा उरली नाही!

ऑफिस म्हणजे भाताच्या गिरणीवरची एक लांबट खोली. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. विलासदादा मुंबईतली नोकरी सोडून गावी आले आणि "वेबसाइटी काय शहरातच बनतात का?" म्हणत त्यांनी दुकान थाटलं. हाताखाली आम्ही तिघं: प्रोग्रॅम लिहिणारा मी, सर्व्हर सांभाळणारा भातसानगरचा हेमंत आणि टेस्टिंग करणारी धसईची वैशाली. खाली गिरण सुरू झाली की कोंडा वर यायचा आणि हेमंतला शिंक यायची. एकच, पण खिडकीच्या काचा हलवणारी.

काम मिळालं माळशेज घाटातल्या एका रिसॉर्टच्या बुकिंग साइटचं. अट अशी, की पावसाळ्यात पाचशे माणसं एकदम आली तरी साइट थांबता कामा नये. ते तपासायचं म्हणजे लोड टेस्टिंग. वैशालीने एकदा साइटवर खोली बुक करून दाखवली, कॉम्प्युटरमधल्या एका टूलने ते बघून शिकून घेतलं आणि आम्ही तशीच पाचशे खोटी गिऱ्हाइकं साइटवर सोडली.

साइट सुसाट निघाली. आणि मध्येच सगळं ठप्प! थोड्या वेळाने आपोआप सुरू. पुन्हा ठप्प.

"सर्व्हर दमला काय रे?" दादांनी विचारलं.

"दमतोय कुठला! पाय पसरून बसलाय," हेमंत म्हणाला.

काम जास्त म्हणून थांबला असता तर समजलं असतं. हा रिकामा बसून थांबत होता!

* * *

दादांचे वडील आप्पा. मुलगा काय उद्योग करतो ते त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. एके दिवशी दोन्ही काखांत गादीवरचे दोन गुबगुबीत लोड घेऊन ते जिना चढून आले.

"तुमी लोडाची टेस्टिंग करता ना? हे घ्या. घरच्या शेवरीचा कापूस हाय. टेस्ट करून सांगा कसा हाय तो."

हेमंतने त्याच दुपारी एका लोडाला टेकून डोळे मिटले. उठल्यावर म्हणाला, "लोड पास! साइट नापास."

* * *

दादांचा संशय विजेवर. त्यांनी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटर पाहिला, वायरी ओढून बघितल्या.

"किती लोड टाकलाय?"

"पाचशे," मी म्हणालो.

"वॅट?"

"नाय हो, माणसं."

त्याने खोलीकडे पाहिलं, मग पायाखालच्या लाकडी फळ्यांकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून आधी जिन्यात जाऊन उभा राहिला. तिथून ओरडला, "माडी पडंल ना रे, येड्यांनो!"

* * *

पुण्यातल्या एका मित्राला मी फोन लावला. तो म्हणाला, मेमरीतला नको असलेला माल साफ करायला प्रोग्रॅम अधूनमधून थांबतो, ते तपास. फोन कानाला तसाच ठेवून मी हेमंतला ओरडून सांगितलं, "अरे, कचरा साठतोय म्हणे आपल्याकडे! तो काढताना थांबतंय!"

झाडू मारणाऱ्या सुनीतामावशी कंबरेवर हात ठेवून समोर उभ्या. "कोण म्हंतं कचरा साठतोय? रोज काढते मी!"

त्यांनी मग टेबलाखालचंसुद्धा झाडलं. टेस्ट लावली. साइट थांबली. आम्ही मेमरी तपासली, तिथेही स्वच्छ. "म्हंजे कचरा नाय, नजर हाय," असा निकाल देऊन मावशींनी सर्व्हरला लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवशी साइट थांबली, ती लिंबासकट!

* * *

आतापर्यंत हसू येत होतं. मग रिसॉर्टच्या कारखानीससाहेबांचा निरोप आला: शनिवारी येतो, टेस्ट डोळ्यांनी बघतो, मगच काम पास झाल्याची सही.

हे काम गेलं तर ऑफिस बंद होणार हे आम्हाला कळत होतं. हेमंत आणि मी कल्याणला, ठाण्याला कुठेही चिकटलो असतो. वैशालीचं तसं नव्हतं. धसईहून शहापूरपर्यंतच तिला घरची परवानगी होती.

"बाबा बोलले, हापिस चाललं तर कर नोकरी. नायतर स्थळं बघू," तिने डबा खाताना सहज सांगितलं. मी डबा अर्धाच झाकला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो.

* * *

घाईत माणूस काहीही करतो. मला वाटलं, गिरणीच्या हादऱ्याने वायर हलत असेल. गिरणमालकाच्या हातापाया पडून गिरण बंद करायला लावली. पोती घेऊन आलेली माणसं खाली खोळंबली आणि कारण बघायला वर आली. सगळ्यांसमोर टेस्ट लावली.

ठप्प!

एक म्हातारबाबा स्क्रीनकडे बघत हळहळले. "बघ, गिरण बंद केली म्हणून तुजं पण बंद पडलं. चालू करू दे रे त्याला."

* * *

शेवटी मी साइटचा नाद सोडला आणि खोट्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवली. पाचशेच्या पाचशे खोली निवडत होती, नाव-गाव भरत होती, 'बुकिंग नक्की करा' या बटणापाशी येत होती आणि गप उभी राहत होती. म्हणजे साइट थांबतच नव्हती. गिऱ्हाइकं थांबत होती! टूलमध्ये त्या जागी लिहिलं होतं: थिंक टाइम. दाखवणारा माणूस जितका वेळ विचार करत बसेल, तितका वेळ खोटं गिऱ्हाईकही बसतं.

"वैशाली, या बटणापाशी तू कसला विचार करत होतीस?"

"विचार कसला? हेमंतला शिंक आली ना!"

"मग?"

"मग काय? एकच आली. दुसरी आली असती तर दाबलं असतं. हापिसातलं पयलंच काम माजं, शिंकेवर कसं करू? बसले जरा, पाणी प्यायले, मंग दाबलं."

आमची पाचशे गिऱ्हाइकं इतके दिवस शिंक पाळत होती!

दादांनी कपाळाला हात लावला. मग दम भरला, "साहेबांसमोर शिंक हा शब्द कुणी काढायचा नाय."

* * *

शनिवारी साहेब आले. बूट, टाय, मुंबईचा रुबाब. सुधारलेली टेस्ट लावली. साइट एकदाही थांबली नाही. आधी काय अडचण होती, त्यांनी विचारलं.

"थिंक टाइम, सर," दादा म्हणाले. "बटण दाबायच्या आधी गिऱ्हाईक विचार करतं, तो वेळ जरा जास्त धरला गेला होता."

साहेब हसले. "आजकाल कोण एवढा थांबतो हो? काढलंत ते बरं केलंत."

त्यांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. वैशाली दाराशी उभी होती. तेवढ्यात खाली गिरण सुरू झाली.

हेमंतने नाक दाबलं, तोंड दाबलं, आप्पांच्या लोडात डोकं खुपसलं. तरी आलीच. एकच!

साहेबांचं पेन कागदाच्या वर थांबलं. त्यांनी हळूच टोपण लावलं, पेन बाजूला ठेवलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

वैशाली ग्लास भरून तयारच होती. साहेब टेकून बसले, सावकाश पाणी प्यायले, खिडकीबाहेर बघत राहिले. स्क्रीनवर पाचशे गिऱ्हाइकं धडाधड बुकिंग करत होती.

मग त्यांनी पुन्हा पेन उघडलं आणि सही केली.

वैशालीने रिकामा ग्लास उचलला आणि माझ्या बाजूने जाताना पुटपुटली, "थिंक टाइम."