चिखलाचे टायर आणि अडलेली म्हैस

आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं तपासणी खात्यात होते. समोर येईल ती वस्तू मोजायची आणि केसभर जास्त भरली की नाकारायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर नाकारण्यासारखं घरात मी आणि कुकर एवढंच उरलं. महिनाभर दोघांनाही नाकारून झाल्यावर ह्यांनी एक सेकंडहँड फोर-बाय-फोर घेतली.

गाडी घेण्याचं अधिकृत कारण म्हणजे आमचा प्लॉट. बदलापूर गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी पाच गुंठे जमीन, त्यात आंब्याची बारा कलमं आणि पत्र्याची एक खोली. बदलापूर स्टेशनजवळ हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीपासून तिथवर साधारण बारा किलोमीटर. त्यातले साडेदहा काँक्रीट आणि डांबराचे. उरलेला दीड किलोमीटर कच्चा. त्यात आधी खाणीच्या डंपरांनी सांडलेले धारदार दगड आणि मग भाताच्या खाचरांमधला चिखल. म्हणजे आठवड्यातून एकदा दीड किलोमीटर जायला आणि दीड यायला चारी चाकं फिरणारी गाडी. बाकी सहा दिवस ती स्टेशनच्या मंडईतून मेथी आणायची.

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीलाच दोन टायर फाटले. दोन्ही वेळा दगडाने कडेला, रिमच्या जवळ कापले. पंक्चरवाल्याने बोट फिरवून सांगितलं, "साहेब, इथं पॅच धरत नाय. फेकून द्या." ह्यांनी एकही फेकला नाही. दोन्ही अभ्यासासाठी बाल्कनीत आले आणि माझी कढीपत्त्याची कुंडी जिन्यात गेली.

अभ्यास दीड महिना चालला. ऑस्ट्रेलियातला कुणी एक दाढीवाला माणूस रोज संध्याकाळी आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर नदी ओलांडायचा. हे वहीत टिपणं काढायचे. मी विचारायचे, "आमटी कशी झालीय?" उत्तर यायचं, "कडेला तीन थर हवेत." पहिल्यांदा मला वाटलं, पराठ्याबद्दल बोलताहेत.

शेवटी एका मंगळवारी आम्ही उल्हासनगरला टायरच्या दुकानात गेलो. माझं काम सोबत बसण्याचं. अंबरनाथच्या शाळेत गाडी चालवत जाऊन मी वीस वर्षं गणित शिकवलं, पण ही गाडी मला कधी मिळाली नव्हती. "ही वेगळी आहे गं," एवढंच कारण. ह्यांना स्वतःला कारखान्याची बस ने-आण करायची. त्यामुळे वेगळी म्हणजे नेमकी कशी, हे ह्यांना तरी कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

दुकानदार सत्तरीचे सिंधी गृहस्थ होते. गल्ल्याशी पंखा अंगावर घेऊन बसलेले. ह्यांनी वही उघडली आणि चिखलाचा सगळ्यात भारी टायर मागितला. दुकानातल्या माणसाने आणून उभा केला. मुठीएवढे रबराचे ठोकळे, त्यांच्यामध्ये माझा हात मावेल एवढी फट. लग्नाच्या वेळी सासूबाईंनी मला पाहिलं नसेल एवढ्या बारकाईने ह्यांनी तो पाहिला.

दुकानदारांनी मात्र माझ्याकडे बघून विचारलं, "भाभीजी, सच बताओ. चिखल किती?"

"दीड किलोमीटर."

"और पक्का रोड?"

"साडेदहा. शिवाय रोजची भाजी."

त्यांनी मान हलवली. "साईं, हा टायर नका घेऊ. रोडवर आवाज करेल, घासेल लवकर, ब्रेक पण ओल्या रोडवर लांब लागेल. वो दूसरा लो, दोन्हीकडे चालणारा. थोडा चिखल, थोडा रोड. कड त्याची पण मजबूत आहे."

स्वतःचा महाग माल विकू नये म्हणून भांडणारा दुकानदार मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. ह्यांना मात्र तो अपमान वाटला. "मला तडजोड नकोय," म्हणाले. देशाच्या सीमेवर निघाल्यासारखा आवाज.

"आप की मर्जी," दुकानदार म्हणाले आणि चहा मागवला.

मग तपासणी सुरू झाली. टायरच्या कडेवर चार आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. हे मला त्या दिवशी समजलं, कारण ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून, जमिनीवर बसून चारही नंबर मोठ्याने वाचले. चौथा टायर बाकीच्यांपेक्षा तीन वर्षांनी जुना निघाला. दुकानदारांनी स्वतः वाकून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि लगेच बदलून दिला. निघताना मला म्हणाले, "साहेब डोळ्याचे पक्के आहेत." डोळ्यांबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

नवे टायर बसवून आम्ही घरी निघालो. काँक्रीटवर गाडीने असा काही घूं लावला, की शेजारी बसून एकमेकांशी बोलणं बंद झालं. संसारात याचे काही फायदेही असतात. सोसायटीच्या फाटकातून आत शिरलो तर तळमजल्यावरच्या आजी पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं, बंद पडलेली पिठाची गिरणी सुरू झाली.

पुढे श्रावणात, एका सकाळी साडेनऊला ह्यांचा फोन वाजला. प्लॉटच्या शेजारच्या काकूंचा होता. आमच्या पाच गुंठ्यांच्या तिन्ही बाजूंना त्यांची भातशेती आहे. त्यांच्या बोलीत शब्दामधल्या 'ड'चा 'र' होतो. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"साहेब, आमची म्हस अरलीय. रातधरनं कळा देतेय, पिलू भायेर येत नाय. डाक्टर बोलतान, फटफटी चिखलान येनार नाय. तुमची ती घुमनारी गारी हाय ना, तीत घालून आना त्यांना."

ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी बढतीच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर बदलापूर गावाच्या नाक्यावर बॅग घेऊन उभे होते. तरुण, घाईत, पायात गमबूट. त्यांना पुढे बसवलं, मी मागे गेले. दगडांचा पट्टा टायरांनी असा पार केला, की मला वाईट वाटलं. टोमणा मारायला जागाच नाही. एकही दगड कडेला शिवला नाही. पुढे चिखल आला आणि गाडी त्यातही सरळ चालली. डॉक्टर म्हणाले, "वा, चांगले टायर आहेत."

झालं. स्तुती ऐकल्यावर ह्यांना चिखलाची खोली मोजायची इच्छा झाली. चिखलाच्या ऐन मधोमध गाडी थांबवली.

"थांबू नका हो!" डॉक्टर ओरडले, पण हे काठी घेऊन खाली उतरलेसुद्धा. खोली नऊ इंच निघाली. ती माहिती घेऊन हे परत बसले आणि ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी हळूहळू, अगदी शांतपणे, खाली बसली.

डॉक्टरांनी विचारलं, "हवा किती आहे?"

"बत्तीस. कंपनीचा आकडाच आहे तो."

"कंपनी चिखलात नाही बसली. अठरावर आणा, मग निघेल." एवढं बोलून त्यांनी बॅग डोक्यावर घेतली आणि उरलेलं अंतर चालत निघाले.

"अठरा म्हणजे नियमाविरुद्ध—" हे म्हणाले.

"अहो, तिकडे ती म्हैस नियम वाचत बसलेली नाही," मी म्हणाले आणि उतरले. साडी खोचली आणि केसातली पिन काढून पहिल्या व्हॉल्व्हमध्ये दाबली. फुस्स आवाज झाला. मग ह्यांनी खिशातून हवेचं गेज काढलं आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. मी हवा सोडायची, हे आकडा सांगायचे. "पंचवीस... बावीस... बस, अठरा." चार चाकं झाली. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी एका कामाला हात लावून ते न भांडता पुरं केल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

मग मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. "तो छोटा दांडा लोवर टाक, दुसरा गिअर, आणि पाय हलवू नकोस," हे म्हणाले आणि मागे ढकलायला गेले.

आता, त्या टायरांच्या कॅटलॉगात एक वाक्य होतं, की हे टायर स्वतःला आपोआप साफ करतात. कुणाच्या अंगावर साफ करतात, ते छापलं नव्हतं. गाडी उठली, पुढे सरकली. मी आरशात पाहिलं, तर ह्यांच्या जागी चिखलाचा एक उभा आकार होता आणि तो हात हलवून "थांबू नकोस! थांबू नकोस!" ओरडत होता.

मी थांबले नाही. गोठ्यापाशी जाऊन गाडी लावली. हे मागून चालत आले तेव्हा काकूंनी मला विचारलं, "वयनी, ह्यो गरी कुठला आनला?"

डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत होता. रेडकाचा एक पाय मागे मुडपला होता. तो सरळ करून त्यांनी दोरी बांधली आणि म्हणाले, "ओढायला माणूस पाहिजे. मी सांगेन तेव्हाच, झटका द्यायचा नाही." काकूंचे यजमान कमरेच्या दुखण्याने खाटेवर. ह्यांनी दोरी धरली. म्हैस कळ द्यायची तेव्हा ओढायचं, थांबली की थांबायचं. वीस मिनिटं हे त्या जनावराच्या श्वासाकडे बघत उभे होते. घाई नाही, शहाणपणा नाही, एक प्रश्न नाही. रेडकू एकदम घसरून पेंढ्यावर आलं. निपचित. डॉक्टरांनी नाकातोंडातला चिकटा काढला, पेंढ्याने छाती घासली. काकू पदर तोंडाला लावून उभ्या. मग ते शिंकलं.

हे मटकन खाली बसले आणि रडले. चिखलामुळे ते फारसं दिसलं नाही, पण मी बायको आहे.

परतताना मीच चालवली. चिखल संपल्यावर, हवा कमी म्हणून, बदलापूरच्या पेट्रोल पंपापर्यंत वीसच्या वेगाने आलो. मागच्या सगळ्या रिक्षावाल्यांनी आमच्या घराण्याची विचारपूस केली.

या गोष्टीला आता तिसरं वर्ष. टायर एकदाही कापले गेले नाहीत, हे मान्य करायला हवं. मात्र काँक्रीटवर त्यांचे ठोकळे दुकानदार म्हणाले होते तसेच घासलेत, आणि पुढच्या वेळी दोन्हीकडे चालणारे घेऊ, असं परवा ह्यांनी वहीत लिहिलेलं मी वाचलं. तोंडाने अजून म्हणालेले नाहीत. काकूंचा फोन आता माझ्या मोबाइलवर येतो. गेल्या रविवारी खताच्या सहा गोणी न्यायच्या होत्या. "वयनी, तुमी या," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "साहेबांना पन आना, गोनी उचलायला बरे परतील."