पगारी कबड्डीचा शेवटचा सामना

ते प्रकरण घडून अर्धं आयुष्य उलटलं, तरी त्यातल्या बायका अजून जशाच्या तशा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली वर्षं. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो.

त्या सुमारास आमच्याकडे एक नवल घडलं होतं. मंडप-कनातीचा धंदा करणाऱ्या एका हौशी गृहस्थानं मुलींचे चार कबड्डी संघ उभे केले. नगरचा, बेलापूरचा, कोल्हारचा आणि भंडारदऱ्याकडचा डोंगरी संघ. मुलींना दरमहा पगार, गावोगाव साखळी सामने, कनात लावून तिकीट. "पैसे देऊन पोरी नाचवतो," अशी लोकांनी आधी नावं ठेवली. दुसऱ्या हंगामात त्याच लोकांच्या घरच्या बायका बैलगाड्या भरून सामने बघायला येऊ लागल्या. बंदोबस्ताला मी जातीनं हजर असे, आणि खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष मैदानावरच असे.

डोंगरी संघाची कप्तान उंच, सावळी, अबोल. चढाईला गेली की समोरच्या सातजणी मागे सरत. एकदा अंगाला झालेला, पंचाच्या नजरेतून सुटलेला स्पर्श तिनं स्वतःच हात वर करून कबूल केला आणि बाहेर जाऊन बसली. कनातीतलं माणूस न् माणूस उभं राहिलं होतं.

मग पावसानं ओढ दिली. तिकीट काढणारी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. कनात अर्धी रिकामी दिसू लागली.

डोंगरी संघाचा अंतिम सामना होता आमच्या ठाण्याच्याच गावी, बेलापूरच्या संघाशी; त्यासाठी चारही संघ मुक्कामाला आले होते. आदल्या दिवशी दुपारी ती कप्तान ठाण्यात आली. ठाणे अंमलदारानं विचारलं, "ताई, काय तक्रार?" ती म्हणाली, "सायबालाच सांगीन."

मी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"सायेब, उद्याचा सामना हरायचा म्हनून एक मानूस सांगून गेला. हारली न्हाईस तर पाय मोडू म्हनला. माझ्या उजव्या घोट्याकडं बोट करून म्हनला, हा तर आधीच दुखतोय, याला कितीसा येळ लागनार?"

"तुमचा घोटा दुखतो हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुनालाच न्हाई. पोरी घाबरतील म्हनून त्यांनाबी सांगितलं न्हाई. कनातवाले मालक हाडवैद्याकडं घेऊन गेल्ते, तेवढंच."

आपण काय बोलून गेलो ते तिच्याही ध्यानात आलं असावं.

तो इसम होकार घ्यायला त्याच दिवशी आठवडी बाजारात येणार होता. मी साध्या कपड्यात दोन शिपाई आणि साक्षीला गावातले दोन पंच भांड्यांच्या दुकानापाशी उभे केले. कप्तानानं ठरल्याप्रमाणे नकार दिला. त्यानं पुन्हा धमकी दिली, ती पंचांनी स्वतःच्या कानांनी ऐकली, आणि आम्ही त्याला धरला. सामन्यांवर पैजा घेणारा तो माणूस होता.

चौकशीत तो काही बोलेना. "थट्टा केली साहेब," एवढंच. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला, घर-गाव विचारलं. आरोपी आपल्या तयारीच्या उत्तरांवर निर्धास्त झाला की मग खरा प्रश्न टाकावा, हे मी तोवर शिकलो होतो.

"उजवा घोटा तुला कुणी सांगितला?"

तो म्हणाला, "खेळताना दिसला."

"ती लंगडत नाही. हजार माणसांना दिसला नाही. तुलाच कसा दिसला?"

त्यानं कप खाली ठेवला. मग मालकाचं नाव घेतलं.

मालकाच्या अटकेआधी मी कप्तानाला बोलावून स्पष्ट सांगितलं, "मालक आत गेला की सामने बंद. तुमच्या सगळ्यांचा पगार जाईल. तुम्हाला जबाब द्यावा लागेल."

तिनं थोडा वेळ मागितला. चारही संघांच्या पोरी ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसल्या. कुणी रडत होती, कुणी तावातावानं बोलत होती. शेवटी चौघी कप्तान मिळून आत आल्या. आमची डोंगरी कप्तान बोलली, "पगार जाऊ द्या सायेब. पोरी इकल्या गेल्या असं एकदा का झालं, तर उद्या कुठला बाप लेकीला मैदानात सोडंल?"

मालकानं गुन्हा कबूल केला; डोंगरी संघ हरला की पैजेच्या पैशात त्याला वाटा मिळणार होता. "धंदा जगवायला केलं," म्हणाला. मला त्याची कीव आली. त्यानंच तर हे सारं उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी कनात नव्हती. सामना मात्र झाला, शाळेच्या पटांगणात, फुकट. एवढी गर्दी मी त्या गावात पुन्हा पाहिली नाही. घोटा आवळून बांधलेली कप्तान शेवटपर्यंत खेळली. डोंगरी संघ एका गुणानं हरला, आणि बेलापूरच्या पोरींनी तिला खांद्यावर घेतलं.

ते साखळी सामने परत कधी झाले नाहीत. काहीजणींची लग्नं झाली, काही रस्त्याच्या कामावर गेल्या.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलांनी डोंगरी कप्तानाला छद्मीपणे विचारलं, "बाई, यातून तुम्हाला काय मिळालं?"

"मिळालं काय न्हाई वकीलसायेब. होतं ते गेलं."

वकील खाली बसले.

पुढे नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. साक्षीदार समोर आला की, खरं बोलून याचं काय जाणार आहे, ते मी आधी बघू लागलो. ज्याचं सगळ्यात जास्त जाणार असे, त्याला खुर्ची द्यायला सांगायचो आणि त्याचा जबाब मी स्वतः लिहून घ्यायचो.