गोफ, अंबाडा आणि मी

नाचताना मी फक्त एकदाच चुकलो. ती चूक सुधारायला गेलो, तिथे सगळं बिघडलं.

आम्ही हडपसरच्या नव्या सोसायटीत राहायला आलो आणि माझ्या बायकोनं, शुभांगीनं, तिथे लोकनृत्याचं मंडळ काढलं. सरावासाठी तिला क्लबहाऊसचा हॉल हवा होता. आमचे चेअरमन लिमये काका यांना मात्र तिथे टेबल टेनिसचं टेबल मांडायचं होतं. शेवटी काकांनी निकाल दिला, "गणपतीत एक कार्यक्रम करून दाखवा. जमला, तर हॉल तुमचा. नाही जमला, तर दुसऱ्या दिवशी टेबल."

शुभांगीनं गोफ बसवला. वर टांगलेल्या रंगीत पट्ट्यांची टोकं हातात धरून एकमेकांच्या आतून-बाहेरून नाचत जायचं, म्हणजे वर झकास वेणी विणली जाते. मग तेच पाय उलटे टाकत ती उलगडायची. याला जोड्या लागतात आणि नेमका ऐन वेळी एका बाईंचा पाय मुरगळला.

"अहो, तुम्ही येता का?" शुभांगीनं विचारलं. (हाच प्रश्न तिनं आधी अख्ख्या सोसायटीला, वॉचमनसकट, विचारला होता, हे मला नंतर कळलं!)

"येतो की! खराडीच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे कॉम्प्युटर प्रोग्रॅम दुरुस्त करतो मी. आतून, बाहेरून, आतून, बाहेरून. त्यात काय एवढं?"

सराव बघून तिनं डोक्याला हात लावला. "एकच ऐका. चुकलात तर तसेच पुढे जा, उलगडताना मी सांभाळून घेईन. पण मध्येच सुधारायला जाऊ नका. हात जोडते!"

कार्यक्रमाच्या संध्याकाळी काका पहिल्या रांगेत बसले होते. शर्टाच्या खिशातून मोजायची टेप डोकावत होती. गाणं सुरू झालं. मी आतून गेलो, बाहेरून गेलो, पुन्हा आतून गेलो. वर वेणी दिसायला लागली आणि मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मी पुन्हा आतूनच गेलो!

चूक दिसली की हात शिवशिवतात, काय करणार? मी गर्रकन वळलो आणि आलो तसा परत निघालो. समोरून घाटपांडे मावशी येत होत्या. माझी पट्टी त्यांच्या अंबाड्याभोवती फिरली. ती सोडवायला मी त्यांच्या हाताखालून गेलो, तर गजराही आत ओढला गेला. मागून येणारे आमच्यावर आदळले. वेणीऐवजी गाठोडं झालं आणि त्या गाठोड्यात आम्ही सगळे!

"अहो, माझे केस!" मावशी किंचाळल्या.

"मावशी, तुम्ही जरा खाली वाका."

"वाकू कशी? मान तुमच्या पट्टीत आहे!"

गाणं आपलं चालूच होतं. प्रेक्षकांना वाटलं, हा नवा प्रकार असावा. त्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी शांतपणे खिशातून टेप काढली. ती टेप बघून शुभांगीचा चेहरा पडला आणि मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुणीतरी कात्री आणली. "खबरदार!" शुभांगी म्हणाली. तिनं गाणं थांबवलं, माझं मनगट धरलं आणि बालवाडीतल्या पोराला न्यावं तसं मला उलट पावली चालवायला लागली. "आता मावशींच्या हाताखालून. खाली वाका. अजून! आता मागे. मागे म्हणजे तिकडे नाही!" मांडवातले सगळे माना उंचावून बघत होते. अंबाडा सुटला, गजरा सुटला, एकेक रंग वेगळा झाला आणि शेवटी सगळ्या पट्ट्या सरळ लोंबायला लागल्या. अख्खा मांडव उभा राहून टाळ्या वाजवत होता.

काकांनी टेप खिशात ठेवली. "विणताना काही विशेष वाटलं नाही," ते शुभांगीला म्हणाले. "सोडवलंत मात्र छान. हॉल घ्या." मग माझ्याकडे बघून, "यांना नाचवायलाच हवं, असं काही आहे का?"

तेव्हापासून दर रविवारी मंडळ त्या हॉलमध्ये जमतं. छताला हुक नाही, त्यामुळे पट्ट्या बांधलेला बांबू धरून मधोमध कुणाला तरी उभं राहावं लागतं. ते काम माझं. मन लावून करतो. परवा गाणं रंगात आलं म्हणून जागच्या जागी जरासा ठेका धरला, तर घाटपांडे मावशी दोन्ही हातांनी अंबाडा झाकून ओरडल्या, "शुभांगी, धाव गं! खांब हलतोय!"