नवरंगापुढची रिकामी जागा

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. घरीही कुणाला सांगितली नाही. गेल्या महिन्यात मधूच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा गेले," आणि तिला धीर द्यायचा सोडून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता सांगायचं कुणाला...

मधू आणि मी सदाशिव पेठेत एकाच शाळेत शिकलो. तो चित्रकलेचा शिक्षक झाला, मी पोस्टात चिकटलो. निवृत्तीनंतर त्यानेच मला टेकडीवरच्या राखीव वनातल्या निसर्ग केंद्रात ओढून नेलं. रविवारी शाळेची मुलं यायची, त्यांना पक्षी दाखवायचं काम मधूकडे होतं. मी मागून चालायचो. एकदा मी कोतवालाला कोकीळ म्हटलं, तर मधू सगळ्यांसमोर म्हणाला, "हे आमचे पोस्टमास्तर. पत्ता लिहिलेला असल्याशिवाय यांना पक्षी सापडत नाही." मुलं खूप हसली. मीही हसलो, पण ते मनात राहिलं.

पुढच्याच रविवारी, मुलं यायच्या आधी, ओढ्याकाठच्या पाचोळ्यात मधूला नवरंग दिसला. त्याने माझा दंड घट्ट धरला. हिरवी पाठ, शेपटीखाली लालभडक... मलाही तो स्पष्ट दिसला. या टेकडीवर त्याची आजवर नोंद नव्हती. केंद्राचा नियम असा, की नवा पक्षी वहीत चढवायचा तर पाहणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात. मधूने धापा टाकत जाऊन सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, "मला नाही बुवा काही दिसलं."

केंद्राच्या मॅडम मधूला समजुतीने म्हणाल्या, "खंड्या असेल हो, सर. आत्ताच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना तुमचं?"

मला वाटलं होतं, चार दिवस चिडवू, मग सही करून टाकू. पण दोन रविवारांनी मुलांची फेरी दुसऱ्याकडे गेली. मधू आत बसून मांडलेल्या घरट्यांखालच्या चिठ्ठ्या लिहू लागला. आता खरं सांगितलं तर मीच खोटारडा ठरणार होतो... टेकडी उतरताना त्याने एकदाच विचारलं, "खरंच नव्हता दिसला तुला?" मी नाही म्हणालो. "मग डोळेच गेले रे माझे," एवढंच तो बोलला. त्यानंतर त्याने दुर्बीण कधी आणली नाही. शेवटी तो दवाखान्यात असताना मी सांगायला दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा चहा हवा का, एवढंच विचारलं.

परवा केंद्रात गेलो. मॅडमनी जुनी वही काढून दिली. त्या ओळीत मधूची सही, शेजारी माझी रिकामी जागा. आणि 'नवरंग' या शब्दापुढे पेन्सिलीने, नंतर कधीतरी, मधूनेच काढलेलं वळणदार प्रश्नचिन्ह... मी सही केली. प्रश्नचिन्ह खोडायला गेलो, पण हात धजला नाही. ते त्याच्या हातचं होतं.

मधू, नवरंगच होता तो. तुझे डोळे चांगले होते. चुकलं रे माझं.