सांजची चांदणी वेगळी

दोन हजार चोवीस साल. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही.

दिवाळीनंतर बायकोला बुलडाण्याला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. डावा डोळा तर गेलेलाच होता. उजव्यात थोडी नजर आहे, तीही उतरत जाईल, असं डॉक्टरनं सांगितलं.  येताना उंद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरल्यावर ती म्हणाली, "मले एक डाव सुक्राची चांदणी पाहू द्या. मंग जाऊ द्या डोळे."

ते काही वेड नव्हतं. आमचा भाजीचा मळा. तीस वर्षं ती त्या चांदणीवर उठली. घरात घड्याळ नव्हतं. चांदणी वर आली की ती मेथीच्या जुड्या पाटीत भरायची आणि मी बाजारासाठी बैल जुंपायचो. चांदणी लोपली असली तर कोंबडा आरवायची वाट पाहायची.

सून शाळेत शिकवते. तिच्या मोबाईलमध्ये आभाळाचं ॲप आहे. गाव टाकायचं, तारीख आणि वेळ सरकवायची, की कोणती चांदणी कुठं आणि कधी ते दिसतं. तिनं त्याच दिवशी पाहून सांगितलं, "मामाजी, शुक्र सध्या पहाटे नाही. दिवस बुडाल्यावर पश्चिमेला आहे. आईला संध्याकाळी न्या."

"सांजची चांदणी वेगळी. सुक्र पहाटेच निघते."

"एकच आहे ती. काही महिने इकडे, काही महिने तिकडे."

"माह्या बापानं तिच्यावर नांगर जुंपले. अन् तू मले सुक्र शिकवून राह्यली?"

तरी मी मोबाईल घेतला. अंगणातल्या लोखंडी पलंगावर बसून तो मावळत्या सूर्याकडे धरला. मोबाईलनं सूर्य भलतीकडेच, गोठ्यामागे दाखवला.

"घे. याले सूर्य सापडत नाई, अन् हे सुक्र दाखवते."

"लोखंडाजवळ धरलं की त्यातलं होकायंत्र फसतं, मामाजी. उठून उभे राहा."

मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायकोला पहाटे मळ्याच्या बांधावर नेऊ लागलो. आठ दिवस धुकं. ती कानाला पदर बांधून उभी राहायची, थंडीनं कुडकुडायची, पण परत चला म्हणाली नाही. नवव्या दिवशी आभाळ लख्ख. पूर्वेला चांदणी नव्हती. मला ते कळलं, आंधळा नव्हतो. पण घरी सून विचारणार होती. बाभळीच्या वर एक पिवळट तारा होता, त्याच्याकडे बोट केलं. "ते पाहा. निघाली."

ती बराच वेळ मान वर करून राहिली. "हाव," म्हणाली, "दिसली."

घरी येऊन मी सुनेला ऐकू जाईल असं दोनदा बोललो. ती भाकरी थापत राहिली. मोबाईलला तिनं हात लावला नाही.

मग रोज सांजेला ती चांदणी पश्चिमेला लटकलेली दिसायची. मी म्हैस बांधायचो आणि तिच्याकडे पाठ करून घरात यायचो. इकडे बायकोच्या हातून तांब्या कलंडू लागला. उंबरठ्याला ठेच लागायची. संक्रांतीच्या दिवशी तिनं मला तिळाचा लाडू वाढला तो ताटाबाहेर, जमिनीवर. वाढला असं समजून पुढं गेली.

त्या सांजेला मी सुनेला म्हणालो, "तुहा मोबाईल आण."

ती मोबाईल घेऊन आली. मळ्यात मोकळ्यावर, लोखंडापासून दूर उभे राहिलो. मोबाईलमधला ठिपका आभाळातल्या चांदणीवर नेमका बसला. सुनेनं तारीख पुढं सरकवली. चांदणी खाली उतरत गेली, सूर्यात बुडाली आणि चैत्राच्या पहाटे पूर्वेला निघाली. तीच ती.

मी बायकोला आणलं. दोन्ही हातांनी तिचं तोंड पश्चिमेला केलं.

"काय दिसते?"

"दिवस बुडाला एवढं समजते."

"चांदणी?"

"नाई. त्या दिवशीबी नोती दिसली. तुमी दाखवली म्हून म्हनलं."

"त्या दिवशी ती नव्हतीच."

ती हसली. "मंग दोघंबी लबाड." मग माझा हात चाचपून धरला. "पयल्याच दिवशी सांजी आनलं असतं, त दिसली असती का हो?"

सून बाजूला झाली होती. मी म्हणालो, "हाव. दिसली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलाचा जुना कासरा काढला आणि तिच्या बाजेपासून न्हाणीपर्यंत, तिच्या हाताला लागेल असा कमरेच्या उंचीवर, ताणून बांधला.