तळव्यानं ऐकणारे उस्ताद

लातूरला गंजगोलाईच्या मागं स्पीकर दुरुस्त करणारे एक उस्ताद बसतात. त्यांचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. मिरवणुकीचे बॉक्स तपासता तपासता त्यांचे कान गेले. बॉक्स चालू झाला की ते डोळे मिटून लाकडावर हाताचा तळवा ठेवतात आणि तेवढ्यावर बिघाड सांगतात.

आमचा नांदेडचा डूम मेटल बँड. संथ, जड, छातीवर दगड ठेवल्यासारखं गाणं. घरचे त्याला रडगाणं म्हणायचे. उस्तादांनी मात्र पहिल्यांदा तळवा ठेवला, तो गाणं संपेपर्यंत उचलला नाही. म्हणाले, "बाकीचे निसते दणके देतेत. तुमचं हळूहळू हाडात उतरतंय. हे मला ऐकू येतंय बगा."

मग आम्ही बदललो. आवाज हलका केला, गिटारची खरखर काढली, सुरांच्या मधे शांतता ठेवली. नांदेड फक्त नकाशात पाहिलेल्या पुण्याच्या जाणकारांनी आम्हाला 'परिपक्व' म्हणून पाठ थोपटली. ती थाप आम्हाला फार गोड लागली.

परवा बॉक्स घेऊन लातूरला गेलो. उस्तादांनी हसून डोळे मिटले, तळवा ठेवला. आम्ही नवं गाणं अख्खं वाजवलं. त्यांच्यासाठी आवाज वाढवावा, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. गाणं संपलं तरी त्यांचा तळवा तसाच होता.

"निसतं बसलाव कामून?" डोळे मिटूनच ते म्हणाले. "वाजवा की."