वहिनींच्या मशीनची पाती

दुकान चालतंय की नाही हे कळायला मिस्त्रींना गल्ल्यात डोकवावं लागत नसे. ते पाती बघत. गोठवलेलं दही ज्या मशीनमधून वळ्यावळ्यांनी कपात उतरतं, त्याच्या पोटात एक नळकांडं असतं, नळकांड्यात रवी फिरते आणि रवीला प्लास्टिकची दोन पाती लावलेली असतात. कप भरला की रवी फिरते, एरवी बहुतेक वेळ स्वस्थ असते. म्हणजे गिऱ्हाईक जितकं जास्त, तितकी पाती झिजणार. दर तीन महिन्यांनी मिस्त्री ती काढत, धारेवरून अंगठ्याचं नख फिरवत आणि मालकाला तोंडावर सांगून टाकत, "बरं चाललंय," नाहीतर, "माशा मारताय वाटतं." मालक खोटं बोलेल, पाती खोटं बोलत नाहीत, असा त्यांचा ठाम विश्वास होता.

तेरा वर्षांपूर्वी त्या भागात असलं पहिलं दुकान निघालं तेव्हा लोक हसले होते. घरचं दही सोडून रांगेत उभं राहून दही कोण खाणार? पण लोकांनी खाल्लं. आपल्या हाताने दांडा ओढायचा, कप भरायचा, वरून फळं, बदामाचे काप, चॉकलेटचा चुरा मनाला येईल तितका टाकायचा आणि कप वजनकाट्यावर ठेवून पैसे द्यायचे. जिभेला आइस्क्रीमची मजा आणि मनाला पथ्य पाळल्याचं समाधान, माणसाला आणखी काय हवं असतं? दोन वर्षांत दुकानांना नुसता ऊत आला. शिंपी उठला तिथे दही आलं, फोटो स्टुडिओ बंद झाला तिथे दही आलं. एका चौकात तर चार कोपऱ्यांवर चार दुकानं, चारी भिंती त्याच पिस्ता रंगाच्या. भर जोरात असताना मिस्त्रींच्या हाताखाली एकतीस मशीनं होती. सकाळचा चहा एका गावात व्हायचा आणि दुपारचा डबा तिसऱ्याच गावात उघडायचा.

त्याच सुमारास त्यांचा थोरला भाऊ गेला. वहिनी घरात नुसत्या बसून असत, कुणी बोललं तर बोलत. मिस्त्रींना ते बघवेना. त्यांनी टुमणं लावलं, "वहिनी, तुम्हीही एक दुकान टाका. मशीनची काळजी माझ्यावर सोडा."

"मला घर चालवता येतं, भावजी. दुकान कुठलं येतंय?" वहिनी म्हणाल्या. पण मिस्त्री मागे लागले की सुटका नसे. औषधाच्या दुकानाशेजारचा गाळा मिळाला आणि वहिनी दुकानदार झाल्या. पुढची सहा वर्षं दुकान खरंच छान चाललं. त्यावर मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं आणि ती दूरच्या शहरात संसाराला लागली.

मिस्त्री वहिनींकडे जात ते रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी. ते पोचेपर्यंत वहिनींनी मशीन उघडून, एकेक भाग कोमट पाण्यात धुऊन, पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडून ठेवलेला असे. मिस्त्रींना याचं फार कौतुक. बाकीच्या तीस मालकांना ते ऐकवत, "माझ्या वहिनींकडून शिका जरा."

मिस्त्री हाताचे जितके हळुवार, तितकेच तोंडाचे फटकळ. ओहोटी लागली तेव्हा हे जास्तच जाणवायला लागलं. आधी नवी पेयं आली, मग वॅफलची दुकानं आली, आणि गिऱ्हाईक काय, ते कुणाला बांधलेलं नसतंच. दुकानं एकामागून एक मिटत गेली. मशीन बसवायचं काम मिस्त्रींचं, तसं उपटून न्यायचंही त्यांचंच. प्रत्येक मशीन गोदामात टाकून आले की ते मालकाचा निकाल लावत. एक आळशी होता. एका जोडप्याची हौस फिटली. एका निवृत्त मास्तरांना म्हणे आयुष्यभर पोरं वळणावर आणता आली, पण साधं मशीन सांभाळता आलं नाही. "पळपुटे सगळे. चार दिवस मंदी आली की निघाले शटर ओढून."

हे सगळं रविवारच्या चहाबरोबर वहिनींना ऐकायला मिळे. वहिनी बिस्किटांची बशी पुढे सरकवत. शेवटी मिस्त्री पात्यांवरून नख फिरवत आणि म्हणत, "तुम्ही मात्र खंबीर हं, वहिनी. बघा, पार गुळगुळीत झालीत."

घरी त्यांची बायको म्हणायची, "उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांच्या जागी तुम्ही असता म्हणजे कळलं असतं."

"मी असतो तर टिकलो असतो," मिस्त्री म्हणत आणि पेपर उघडत.

असं करता करता एकतीसांतलं एकच मशीन उरलं, वहिनींचं. मिस्त्री आता पोटापाण्यासाठी दुकानांतले फ्रीज आणि दवाखान्यांतले एसी दुरुस्त करत, पण तीन महिन्यांचा तो रविवार त्यांनी चुकवला नाही. सगळं बुडालं तरी आपण उभं केलेलं एक दुकान टिकलं, याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

एका सोमवारी पुतणीचा फोन आला. "काका, तुम्ही तरी आईला समजवा ना. बाळ दोन वर्षांचं झालं. तिने त्याला दोनदा पाहिलंय, तेही दोन-दोन दिवस. मी तिच्यासाठी खोली तयार करून ठेवलीय. विचारलं की म्हणते, दुकान जोरात आहे, सोडून कशी येऊ?"

"अगं, जोरात आहेच," मिस्त्री म्हणाले. "कालच पाती बदलली मी. एवढी तर चांगल्या दिवसांतही झिजत नव्हती."

"खरंच चालतंय का? मला वाटलं, उगाच सांगते. मग राहू दे, काका," पुतणी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मिस्त्रींना चुटपुट लागली, पण चालतं दुकान बंद करा असं कुणाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी ते वहिनींच्याच भागात एका दवाखान्याच्या कामाला गेले होते. काम लवकर आटपलं. गाडीत एका जुन्या मशीनची जवळजवळ नवी रवी पडून होती. ती वहिनींच्या उपयोगी पडेल म्हणून तीनच्या सुमाराला त्यांनी गाडी दुकानाकडे वळवली. दुपारच्या वेळी त्या दुकानात ते कित्येक वर्षांत गेले नव्हते.

दुकानात कुणी नव्हतं. खुर्च्या टेबलांखाली सरकवलेल्या होत्या, फळांचे डबे झाकलेले होते. वहिनी स्टुलावर बसून खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांच्यामागे मशीन घरघरत होतं. नळीखाली कप नव्हता.

"मशीन का फिरतंय?" मिस्त्रींनी दारातूनच विचारलं.

वहिनी दचकून उठल्या आणि त्यांचा हात बटणाकडे गेला. मिस्त्री पुढे झाले. चालू होतं ते धुण्याचं बटण, ज्याने गारवा बंद राहतो आणि नुसती रवी फिरते. त्यांनी दांडा ओढून थोडं दही तळहातावर घेतलं. त्यात रव्याएवढे लोण्याचे कण होते. गिऱ्हाईक नसताना मशीन घुसळत ठेवलं की लोणी सुटतं, हे त्यांनीच एकतीस मालकांना शिकवलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं होतील," वहिनी म्हणाल्या. "दुपारी दोन-तीन तास लावते. तुमचा रविवार जवळ आला की जरा जास्त. मग शनिवारी सगळं स्वच्छ धुऊन ठेवते."

"आणि गिऱ्हाईक?"

"शाळा सुटली की चार-दोन मुली येतात. औषधवाले एखादा कप नेतात. त्यांना दही आवडत नाही, दया येते माझी."

मिस्त्रींनी हात पुसला. "वहिनी, पण का? मी परका आहे का?"

"दुकान तुम्ही हौसेने थाटून दिलंत, तुम्हाला वाईट वाटेल, असं आधी वाटायचं. नाही, खरं सांगते. मला तुमची भीती वाटायची, भावजी. मास्तरांनी बंद केलं त्या रविवारी तुम्ही किती हसलात. त्यांची बायको तेव्हा अंथरुणाला खिळली होती. औषधं शेजारूनच न्यायचे, म्हणून मला माहीत होतं. तुम्ही हसत होतात आणि मी तुमच्यासाठी चहा ओतत होते. म्हटलं, उद्या माझंही नाव असंच कुणाच्या तरी घरी चहाबरोबर निघेल. थोरल्याची बायको, तीही पळपुटीच निघाली."

मिस्त्री खुर्ची ओढून खाली बसले. त्यांना लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. त्यांच्या दोन वाक्यांपायी ही बाई दोन वर्षं रिकाम्या दुकानात बसून राहिली, आणि कालच त्यांनी तिच्या मुलीला छाती फुगवून पात्यांचा हवाला दिला होता.

"आता काय सांगाल माझ्याबद्दल?" वहिनींनी विचारलं. त्या रागाने विचारत नव्हत्या. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मिस्त्रींनी फोन काढला आणि पुतणीला लावला.

"अगं, काल मी तुला चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "दुकान दोन वर्षांपासून चालतच नाहीये. तुझी आई माझ्या तोंडाला भिऊन इथे बसून होती. चूक तिची नाही, माझी आहे, आणि विचारील त्याला मी हेच सांगणार आहे. तिची खोली झाडून ठेव." मग त्यांनी फोन वहिनींपुढे धरला.

वहिनींनी मशीन बंद केलं, पदराला हात पुसून फोन घेतला आणि मुलीचं बोलणं ऐकलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाळ ओळखेल का गं मला?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मिस्त्रींना ऐकू गेलं नाही, आणि वहिनींना विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.